करण्यात आलं, पण कोणी?

'मी खाली सही करणार, वय वर्षे ५८, धंदा – सेवानिवृत्त, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, सन १९८७ ते २०२४ या कालावधीत माझ्या शिक्षणात खंड पडलेला असून सदर कालावधीत मी इतर कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही.'

याला गॅप सर्टिफिकेट म्हणतात. मुळात ते बारावीनंतर नीटची परीक्षा पुन्हा द्यायला एखादं वर्ष घरी बसलेल्या पोरांसाठी असतं. म्हणून छापील नमुन्यात 'खंड पडण्याचे कारण' या शब्दांपुढे 'आजारपण' जेमतेम मावेल एवढीच जागा सोडलेली असते. त्या जागेत मी नोकरी, लग्न, दोन मुली, त्यांच्या दोन दहाव्या नि दोन बाराव्या, गृहकर्ज, जनगणना आणि झाडून सगळ्या विधानसभा-लोकसभा कशा बसवणार? सेतू केंद्रातल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या रांगेकडे पाहिलं आणि 'घरगुती अडचण' असं टाइप करून तो मोकळा झाला. "घरगुती अडचण म्हणजे मी का?" असं आमच्याकडे अजून अधूनमधून विचारलं जातं.

असल्या प्रतिज्ञापत्रांवर कार्यकारी दंडाधिकारी म्हणून मी स्वतः ढिगाने सह्या केल्या आहेत. जून उजाडला की टेबलावर गठ्ठे पडायचे. प्रत्येकावर 'माझ्यासमक्ष' असा शिक्का असायचा. समक्ष फक्त शिपाई असायचा.

तर मी महसूल खात्यातला. कारकून म्हणून चिकटलो, नायब तहसीलदार म्हणून सुटलो. सुटल्यावर काय करायचं याची पुण्यात तयार उत्तरं आहेत. सोसायटीत सेक्रेटरी व्हायचं, सकाळी टेकडी चढायची, उतरल्यावर टेकडी पूर्वी कशी होती ते सांगायचं. मी पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गाला अर्ज केला. धाकटी म्हणाली, "बाबा, मग यूट्यूब चॅनल काढा ना, त्याला कॉलेज कशाला?" थोरली काही बोलली नाही. तिने फक्त नवऱ्याला फोन दिला.

हे खूळ आजचं नाही. कलेक्टर कचेरीत असताना काही काळ गृह शाखेचं टेबल माझ्याकडे होतं. १८६७ च्या कायद्यानुसार वर्तमानपत्र काढायचं तर दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावं लागे. ती कागदपत्रं तपासायची माझ्याकडे. त्यामुळे जिल्ह्यातल्या यच्चयावत साप्ताहिकांचे संपादक माझ्या टेबलाशी येऊन गेले. या मंडळींइतकी स्वावलंबी माणसं मी पाहिली नाहीत. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, बातमीदार, जाहिरात व्यवस्थापक आणि स्कूटरवरून अंक टाकणारा, हे सगळं मिळून एकच गृहस्थ असे. साप्ताहिक निघायचं २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, दिवाळीत आणि पालकमंत्र्यांच्या वाढदिवसाला. म्हणजे ज्या आठवड्यात जाहिरात, त्याच आठवड्यात साप्ताहिक. पण हे गृहस्थ आले की आमचे साहेब खुर्चीतून अर्धे उठत. मला त्यांनी सगळ्या वर्षांत 'बसा' म्हटलं नव्हतं. यांना चहा आणि वर बिस्किटं. तेव्हाच मनात आलं होतं की खुर्चीच्या त्या बाजूला काहीतरी आहे.

१ मार्च २०२४ पासून तो १८६७ चा कायदा गेला, नवा आला आणि नोंदणी ऑनलाइन झाली. त्याच वर्षी मीही गेलो. कायद्याला निरोप समारंभ झाला की नाही ते माहीत नाही. मला शाल, श्रीफळ आणि तहसीलदार साहेबांचं भाषण मिळालं.

वर्गात शिरल्यावर मला प्राध्यापक समजून मुलं उठून उभी राहिली, असं काही घडलं नाही. हल्ली प्राध्यापकांसाठीही कोणी उभं राहत नाही. एका मुलाने कानातलं एक बोंडूक काढून विचारलं, "काका, अ‍ॅडमिशनची चौकशी खाली आहे. मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, "मीच." त्याने बोंडूक पुन्हा कानात घातलं आणि बाकावर सरकून जागा दिली. तो नांदेडचा. शेजारी लातूर, मागे यवतमाळची एक मुलगी, खिडकीशी सांगोला. पुण्यात पत्रकारिता शिकायला पुण्याचं फारसं कोणी येत नाही. पुणेकरांना ती उपजतच येते, वाचकांच्या पत्रव्यवहारातून.

शिकवायला मॅडम. वयाने माझ्या थोरलीएवढ्या, एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षं रात्रपाळ्या करून इकडे आलेल्या. त्या मला 'सर' म्हणत, मी त्यांना 'मॅडम'. दोघंही एकमेकांपुढे दारात थांबून राहायचो, त्यामुळे तासाला पाच मिनिटं उशीर ठरलेला.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या फाटकाबाहेर टोमॅटोचा टेम्पो कलंडला. कोणाला लागलं नाही, पण लालेलाल रस्ता आणि वाहतूक ठप्प. मॅडम म्हणाल्या, "चला, आयती बातमी आहे. दीडशे शब्द, अर्ध्या तासात." पोरं मोबाइल घेऊन धावली. मी सावकाश गेलो, उभं राहून पाहणी केली आणि सरावाने लिहून काढलं:

'आज रोजी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी समक्ष घटनास्थळी हजर राहून पाहणी केली असता, खालीलप्रमाणे परिस्थिती दिसून आली. चतुःसीमा – पूर्वेस महाविद्यालयाचे फाटक, पश्चिमेस रस्ता दुभाजक, दक्षिणेस झेरॉक्सचे दुकान, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. सदर ठिकाणी एक मालवाहू टेम्पो डाव्या कुशीवर पडलेल्या स्थितीत आढळून आला. टेम्पोतील टोमॅटो या पिकाचे ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान झाल्याचे प्रथमदर्शनी दिसते. उर्वरित टोमॅटो येणाऱ्या-जाणाऱ्या इसमांकडून नेण्यात आले.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग लाल पेनाने शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून बाजूला लिहिलं, 'कोणी नेले?'

तसं पाहिलं तर मला सगळं माहीत होतं. झेरॉक्सवाल्याने कागदाच्या रिकाम्या खोक्यात भरून नेले. एका गृहस्थाने हेल्मेट उलटं करून त्यात काठोकाठ भरले. पुण्यात हेल्मेटचा इतका मनापासून वापर मी प्रथमच पाहिला. बातमीला धावलेल्या आमच्या वर्गातल्या तिघांनी तर पिशवीची सोय करून नेले होते आणि त्या रात्री होस्टेलवर टोमॅटोची चटणी होती, ती मला दुसऱ्या दिवशी डब्यातून चाखायलाही मिळाली. "मग हे लिहा ना सर," मॅडम म्हणाल्या, "हेल्मेटवाला पहिल्या वाक्यात घ्या. बातमी तीच आहे." माझ्या अंगावर काटा आला. नाव, गाव नसलं तरी एका जिवंत माणसाने काहीतरी केलं असं लेखी द्यायचं? आणि तेही पहिल्या वाक्यात?

सरकारी कामात जो मुरला नाही त्याला ही भीती कळायची नाही. आमच्याकडे कोणी काही करत नाही. सगळं होतं. नस्ती सादर होते, परत येते, प्रलंबित राहते, गहाळ होते आणि पुन्हा 'आढळून येते'. जणू तिला पाय आहेत आणि ती मधल्या काळात पंढरपूरला जाऊन आली. बाब 'निदर्शनास येते', पण ती कोणी कोणाला दाखवली ते नाही. चूक 'नजरचुकीने राहून जाते'. यात आळस नाही, उलट फार विचार आहे. वाक्यात कर्ता आला की त्याच्यामागून खुलासा येतो, खुलाशामागून चौकशी येते. आणि निवृत्तीच्या दिवशी चौकशी लटकलेली असली, तर पेन्शन तात्पुरतं मिळतं, ग्रॅच्युइटी अडकून बसते. एक कर्ता गाळला तर एवढा सगळा घोळ वाचतो. नवीन लागलेल्या पोराला आम्ही पहिली गोष्ट ही शिकवायचो. त्यानंतर जावक क्रमांक कसा टाकायचा ते.

आणि इथे मॅडम फळ्यावर लिहीत होत्या: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. कोण सगळ्यात आधी.

मग उलटा पिरॅमिड आला. महत्त्वाचं आधी, कमी महत्त्वाचं नंतर, बिनमहत्त्वाचं शेवटी. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून छाटत जातो, त्यामुळे शेपूट गेली तरी तोंड राहतं. आमची टिप्पणी नेमकी याच्या उलट चालते. आधी विषय, मग संदर्भ एक ते अकरा, मग पार्श्वभूमी, मग नियमाचा उतारा, आणि सातव्या पानाच्या तळाशी 'सबब मान्यतेस्तव सादर'. साहेब फक्त ती ओळ वाचतात. पद्धत दोन्हीकडे तितकीच शास्त्रशुद्ध. वाचणारा कोणत्या टोकाने आत शिरतो एवढाच फरक. पण पाणीकपातीवरची माझी पहिली मोठी बातमी मॅडमनी डेस्कच्या रिवाजाने साठ शब्दांवर आणली, तेव्हा खालून छाटता छाटता शिल्लक राहिलं ते इतकंच: 'संदर्भ – १) महानगरपालिकेचे प्रसिद्धिपत्रक, २) समक्ष चर्चा.' पाणी छाटलं गेलं होतं.

एका बाबतीत मात्र माझा भाव वधारला. आमच्या काळी कारकुनाला मराठी टंकलेखन मिनिटाला तीस शब्दांचं पास व्हावं लागे. ती बोटं अजून शाबूत आहेत. वर्गातली पोरं मोबाइलला बोलून लिहितात आणि मोबाइल त्यांच्या मराठीचं जे करतो ते पाहवत नाही. 'आयुक्तांनी पाहणी केली'चं एकाच्या बातमीत 'आयुक्तांनी पाणी केली' झालं. मी कीबोर्डकडे न पाहता टाइप करतो हे पाहायला पहिल्या दिवशी चार-पाच जण खुर्चीमागे उभे होते. दुसऱ्या दिवशी ते आपापले कागद घेऊन उभे होते.

एकदा दोघांनी चॅटजीपीटीकडून बातमी लिहून घेतली. मॅडमनी वर्गात वाचून दाखवली: 'या पार्श्वभूमीवर विविध स्तरांवर समन्वय साधून प्रभावी उपाययोजना करण्यात येणे गरजेचे असल्याचे दिसून येते.' मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, ही तुमची आहे का?" मला राग आला नाही. यंत्राला एवढ्या लवकर हे साधलं, याचं कौतुकच वाटलं. आम्हाला बढती मिळेपर्यंत साधत नाही.

इतिहासाच्या तासाला वयाचा विषय निघाला आणि मला खिडकीबाहेर बघावंसं वाटू लागलं. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघालं, तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीचे होते. चौतिसाव्या वर्षी ते गेलेसुद्धा. मधल्या काळात वृत्तपत्र, मासिक, प्राध्यापकी, शिलालेख, सगळं आटपून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी बत्तिशी गाठली नाही. आगरकर चाळिशीच्या आत गेले. मराठी पत्रकारितेच्या या पायाभरणीकडे पाहिलं, तर माझ्या वयाला पोहोचून नंतर प्रवेश अर्ज भरणारा मीच दिसतो. नांदेडकराने दिलासा दिला, "काका, टिळक होते की चौसष्टपर्यंत." म्हणजे माझ्याकडे सहा वर्षं आहेत.

कायद्याच्या तासाला मात्र मी छाती काढून बसलो होतो. कलमं हा आमचा प्रांत. मॅडमनी अब्रुनुकसानीचं कलम विचारलं आणि मी हात वर न करताच म्हणालो, "४९९." पुढच्या बाकावरून आवाज आला, "३५६." १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि सगळ्या कलमांच्या पाट्या बदलल्या. ज्या जमावबंदीचे आदेश काढण्यात माझे निम्मे गणेशोत्सव गेले, ते १४४ कलम आता १६३ झालंय. सगळी नोकरी खर्चून मी जे पाठ केलं होतं ते एका रात्रीत जुन्या गल्लीच्या पत्त्यासारखं झालं. पोस्टमनला कळतं, गुगलला कळत नाही.

त्याच तासाला १८८२ चा खटला निघाला. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं छापली म्हणून टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. वर्ग हळहळला. मी मात्र मसुद्याचा विचार करत होतो. या दोघांनी कार्यालयीन पद्धतीने 'संस्थानच्या कारभारात काही बाबी निदर्शनास आल्या असून त्याबाबत उचित कार्यवाही अपेक्षित आहे' एवढंच छापलं असतं, तर कोणी कोणाला तुरुंगात घातलं नसतं. केसरी कोणी वाचलाही नसता, हा भाग वेगळा.

मग आम्हाला मंडईत पाठवलं, भाज्यांच्या भावांवर लोकांचे बाइट घ्यायला. नांदेडकर कॅमेरा म्हणजे मोबाइल धरणार, मी प्रश्न विचारणार. मी नेहमीप्रमाणे पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात पुठ्ठ्याची फाइल अशा वेशात होतो. रस्त्याकडेच्या पहिल्या टोपलीपाशी थांबून मी फाइल उघडली आणि विचारलं, "इथे किती वर्षं बसता?" बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मेथीच्या जुड्या भराभर गोणपाटात गुंडाळायला सुरुवात केली. पलीकडच्या मिरचीवाल्याने छत्री मिटली. त्याच्या पलीकडचा लिंबूवाला तर लिंबं तिथेच टाकून गेला. कोणीतरी शीळ घातली आणि बघता बघता अख्खी ओळ उठली. रस्ता असा मोकळा झाला की मागून एक चारचाकी आरामात निघून गेली. अतिक्रमण खात्याला जे गाडी, पोलीस आणि पंच घेऊन जमत नाही, ते माझ्या फाइलने दोन मिनिटांत केलं. नांदेडकर हळूच म्हणाला, "काका, तुम्ही जरा तिकडं चहाच्या टपरीवर थांबता का?" मी टपरीवर थांबलो. तिथे तीन जणांनी येऊन मला आपापल्या सातबाऱ्यातल्या चुका सांगितल्या. मी कोण हे त्यांना कोणी सांगितलं होतं कळायला मार्ग नाही. बहुधा वास येत असावा.

यवतमाळची मुलगी वर्गात फारशी बोलत नसे. एकदा कँटीनमध्ये वडा खाताना तिने विचारलं, "काका, तुम्ही पंचनामे करत होते ना? गारपिटीच्या वर्षी बाबा तीन दिवस धुऱ्यावर बसून होते. वावरात कोणीच आलं नाही. पण यादी लागली तेव्हा पंचनामा झालेला होता. तर तो कोणी केला असंल?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तसं काही निदर्शनास आलेलं नाही."

ती हसली. "काका, मी तक्रार नाही करून राहिली. नाव विचारते फक्त."

वडा गार झाला. पंचनामे बांधावर होतात तसे ग्रामपंचायतीच्या ओट्यावरही होतात, आणि घाईच्या दिवसांत तलाठ्याच्या घरी पंख्याखालीही होतात. पंच मिळतात, सह्या मिळतात, अंगठे मिळतात. एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं, पाऊस सगळीकडे एकाच रात्री पडलेला आणि अहवाल वरून आठ दिवसांत मागितलेला. हे सगळं मी तिला सांगू शकलो असतो, पण तिने 'का' विचारलं नव्हतं. 'कोण' विचारलं होतं.

एवढं होईपर्यंत मला वाटत होतं की कर्ता लपवायची विद्या फक्त आमच्या खात्याकडे आहे. मग मॅडमनी एक स्वाध्याय दिला. कुठल्याही एका दिवसाची वर्तमानपत्रं घ्या आणि कोणी सांगितलं ते ज्या वाक्यांत कळत नाही त्यांच्याखाली रेघ मारा. मी फुटपट्टी घेऊन बसलो. 'समजते', 'कळते', 'बोलले जात आहे', 'असे जाणकारांचे मत आहे', 'नाव न छापण्याच्या अटीवर', 'राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण आले आहे'. पहिलं पान संपेपर्यंत पेनाची शाई संपली आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी परक्या मुलखात आलो नव्हतो. फक्त खातं बदललं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "मॅडम, चर्चेला उधाण आलं, पण चर्चा केली कोणी?" मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, ते उधाण रात्री साडेदहाला डेस्कवर येतं. खाली दोन इंच जागा उरली की."

शिवाय 'जिल्हा प्रशासनातील वरिष्ठ सूत्रांनी' म्हणून पूर्वी आमच्या कचेरीच्या बातम्या यायच्या, त्यातल्या एका वरिष्ठ सूत्राला मी जवळून ओळखतो. त्याच्या किरकोळ रजा मीच मंजूर करत असे. साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायचा तो. बातमी मात्र त्याची कधी चुकली नाही.

सत्राच्या शेवटी प्रकल्प होता: माहितीच्या अधिकारातून एक बातमी. इथे मला अख्ख्या वर्गाने सल्लागार नेमलं, कारण २००५ चा हा कायदा बाकीच्यांनी अर्जदाराच्या बाजूने वाचला होता आणि मी जन माहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचला होता. मी पोरांना सगळं सांगितलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांच्या वर नको आणि विषय एकच हवा, नाहीतर तेवढ्यावर परत येतो. 'का' आणि 'कशामुळे' विचारू नका. कारण विचारलं की ती माहिती नाही, मत आहे, म्हणून वाटेला लावतात. कागद मागा, नोंदवहीचं पान मागा, तारीख मागा. माहिती कशासाठी हवी हे अधिकाऱ्याला कायद्याने विचारता येत नाही. म्हणून तर आम्ही अर्जदाराला आधी चहा द्यायचो.

माझा स्वतःचा अर्ज मी माझ्याच जुन्या तहसील कचेरीला केला. अवकाळी पावसानंतरचे पंचनामे, गाव, तारीख, आणि प्रत्यक्ष शेतावर गेलेल्या कर्मचाऱ्याचं नाव. एकशे बारा शब्द. स्वतःच्या अर्जाला मीच मनातल्या मनात आवक क्रमांक टाकला, इतका तो बिनचूक होता.

कायद्याची मुदत तीस दिवसांची. उत्तर तिसाव्या दिवशी निघालं. आमच्या वेळीही तिसाव्या दिवशीच निघायचं. 'उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण मागणी केलेली माहिती विस्तृत व मोघम स्वरूपाची असून ती या कार्यालयात एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. तरी आपण कार्यालयीन वेळेत समक्ष उपस्थित राहून अभिलेखांचे अवलोकन करावे.'

विस्तृत आणि मोघम, एकाच वेळी दोन्ही! हा मसुदा माझा. संगणकावर 'आरटीआय उत्तर फायनल २' या नावाने मीच तो ठेवून आलो होतो. 'तरी'च्या आधी चुकून दोन मोकळ्या जागा पडल्या होत्या, त्याही जशाच्या तशा. मी पत्र उजेडात धरून पुन्हा वाचलं. लिखाण टिकलं म्हणतात ते याला.

संध्याकाळी माझ्या जागेवर आलेल्या गृहस्थांचा फोन आला. "साहेब, अर्ज तुमचा आहे हे सही झाल्यावर बघितलं. अहो, एवढ्यासाठी स्टॅम्प कशाला लावायचा? फोन करायचा." आणि कायद्याने महिनाभरात जे निघालं नाही, ते त्यांनी चार मिनिटांत सांगून टाकलं: कोणत्या गावात माणूस चिखल तुडवत बांधापर्यंत गेला होता, कोणत्या गावात ओट्यावर बसून उरकलं, आणि कोणी. नावानिशी. मी भराभर लिहून घेत होतो. फोन ठेवताना म्हणाले, "फक्त माझं नाव नका टाकू साहेब. ते सूत्रांनी सांगितलं की काय म्हणतात ना, तसं घाला."

यादीतल्या नावांना मी फोन केले. चौघांनी उचलले, दोघांनी कबूल केलं, एकाने माझीच चौकशी केली. बातमी लिहिली. पहिल्या वाक्यात कर्ता घातला, हुद्द्यासकट, आणि हात थोडा थरथरला. नंतर तिसऱ्या परिच्छेदात 'सूत्रांनी सांगितले' असं लिहिलं, तेव्हा हात अगदी सरळ चालला.

कागद परत आला तो तिसऱ्या परिच्छेदाशेजारी लाल शाईने: 'सूत्र कोण?'

तासानंतर मी मॅडमना गाठलं. त्या म्हणाल्या, "छापू नका, पण संपादकाला तरी माहीत पाहिजे." मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या कानात नाव सांगितलं. मग समासात लाल शाईखाली रीतसर शेरा मारला: 'सदर इसमाचे नाव प्रशासकीय कारणास्तव नमूद करण्यात आलेले नाही. माहितीस्तव सादर.'

मॅडमनी पेन उघडलं, खाली 'मान्य' लिहिलं, आद्याक्षरी सही केली आणि तारीख टाकली.